रोज दहा मिनिटं मराठी: इंदूरच्या एका छोट्या डिझाइन स्टुडिओकडून ॲपचं रिसर्च आणि डिझाइन करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, लांब लिहिणार आहे. पाच महिन्यांचं काम आहे आणि पैसे आम्ही चार घरांनी मिळून घातलेत, तेव्हा उद्या कुणाला असं काही करून घ्यायचं असेल तर काय मिळतं आणि काय मिळत नाही ते नीट कळू दे. स्टुडिओचं नाव लिहीत नाहीये, तिघांचीच टीम आहे, विजय नगरला एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर बसतात, पुढच्या कामाचं बोलणं अजून चालू आहे म्हणून नाव टाकणं मला बरं वाटत नाही.

मी राजेंद्र नगरला राहते. नऊ वर्षं झाली, दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवते, फी काही नाही, कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी घालायची आणि बसायचं. इंदुरात मराठी घरं काय कमी आहेत का, होळकरांच्या काळापासून आपण इथे आहोत, रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर कुठेही जा, दारावर मराठी पाटी दिसतेच. पण मुलांचं असं झालंय की शाळेत हिंदी आणि इंग्लिश, खेळायला गेली की हिंदी, मराठी फक्त आजीशी आणि तीसुद्धा 'आई ती पुस्तक कुठे ठेवली' अशी. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंग तर हिंदीत नाहीच, मग मुलाला 'ते पुस्तक' कुठून सुचणार. काळा म्हणायचं तर काला, फळ म्हणायचं तर फल. वाचायला दिलं तर अक्षरं ओळखीची असतात, तीच देवनागरी, पण वाचतात हिंदीसारखं.

आणि रविवारी दीड तास शिकवलेलं पुढच्या रविवारपर्यंत उरतच नाही हो. बीएडला असताना एबिंगहाउस शिकले होते, १८८५ साली ह्या जर्मन माणसाने स्वतःच निरर्थक अक्षरं पाठ करून मोजलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवशी सगळ्यात वेगाने जातं, मग विसरणं हळूहळू कमी होतं. तेव्हा परीक्षेपुरतं लिहिलं होतं, वर्ग घ्यायला लागल्यावर समजलं ते काय आहे. मुलांना रोज थोडं पाहिजे, दहाच मिनिटं, पण रोज. आणि रोज मी काही प्रत्येकाच्या घरी जाऊ शकत नाही. भाषा शिकवणारी ॲप्स भरपूर आहेत पण इंदूरच्या मराठी मुलाला लागेल असं, म्हणजे ज्याला मराठी बोलता येतं, हिंदी वाचता येतं आणि मराठी वाचता येत नाही, त्याच्यासाठीचं आम्हाला एकही सापडलं नाही. म्हणून ठरवलं आपणच करून घेऊ.

पहिल्या मीटिंगला आम्ही वहीत लिहून नेलं होतं. कॉइन्स पाहिजेत, बॅज पाहिजेत, कुणाचे किती पॉइंट्स त्याची यादी पाहिजे, रोज केलं की स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस केलं तो आकडा, वाढली पाहिजे, एक हत्ती पाहिजे जो नाचेल. तिथली डिझाइनर मुलगी, देवासची आहे, घरचं मराठी, तिने सगळं शांतपणे ऐकलं, उतरवून घेतलं आणि म्हणाली, ताई, पहिला एक महिना मी एकही स्क्रीन काढणार नाही, तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी जाऊन बसणार. एकूण कोटेशन १ लाख ९० हजारांचं होतं आणि त्यातले ६० हजार फक्त ह्या घरी जाऊन बसण्याचे. आमच्यातल्या एका दादांना हे अजिबात पटलं नव्हतं, ते म्हणाले मुलं आपली, घरं आपली, आपल्याला माहीत नाही का त्यात काय चालतं ते, त्याचे साठ हजार कशाला. मलाही मनातून तेच वाटत होतं. आज मी म्हणते की पूर्ण कामातले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे ते साठ हजार.

चौदा घरी गेले ते लोक. प्रत्येक घरी दोनदा. पहिल्या चार घरी मी सोबत होते म्हणून सांगू शकते कसं केलं. तिने एकदाही असं विचारलं नाही की 'असं ॲप आलं तर तुम्ही वापराल का'. मी वाटेत विचारलं का नाही विचारत, तर म्हणाली, ह्याला सगळे हो म्हणतात, समोर बसलेल्या माणसाला नाही कोण म्हणेल, चहापाणी केलेलं असतं. ती विचारायची काल संध्याकाळी शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं ते सांगा. मग परवा काय झालं. शेवटचं मराठी काही वाचलं ते काय होतं, कुठे बसून वाचलं. आणि फोन हातात असेल तर जरा दाखवाल का, कुठे काय ठेवलंय. सुदामा नगरच्या एका घरी आईने सांगितलं की आमच्याकडे मुलाला फोन अर्धाच तास मिळतो, रात्री साडेआठला, आणि ती हे सांगत असताना मुलगा मागच्या खोलीत आजीच्या फोनवर क्रिकेटचे व्हिडिओ बघत होता. डिझाइनरने तिथे काही बोलून दाखवलं नाही, फक्त वहीत लिहिलं 'आजीचा फोन'.

शिवाय प्रत्येक घरी फ्रिजवर एक कागद चिकटवला, तीन आठवड्यांचा, दिवसाचे चौकोन, मुलाच्या हातात फोन कधी आला आणि कुणाचा आला तेवढी खूण करायची. चौदापैकी अकरा घरांनी इमानदारीने भरला. ते कागद पुढे त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर ओळीने लावलेले मी पाहिले आणि खरंच सांगते, नऊ वर्षं ह्या मुलांना शिकवतेय पण त्यांचा दिवस असा समोर मांडलेला कधी बघितला नव्हता. आईचा फोन आईबरोबर ऑफिसला जातो. बाबांचा फोन मिळतच नाही. चार ते सात ह्या वेळात बहुतेक घरांत एकच फोन असतो आणि एकच मराठी बोलणारं माणूस असतं, आणि दोन्ही म्हणजे आजी.

इथून सगळं बदललं. आम्ही ॲप आईच्या फोनसाठी कल्पत होतो, नवीन फोन, मोठा स्क्रीन, वायफाय. आजीचा फोन म्हणजे मुलाने वापरून दिलेला जुना फोन, काचेला एक रेघ गेलेली, सुप्रभातच्या फोटोंनी जागा संपत आलेली, नेट रोजच्या पॅकवर. म्हणून ॲप छोटं पाहिजे, एकदा उतरलं की नेटशिवाय चाललं पाहिजे, आणि उघडल्यावर आजीला घाबरायला झालं नाही पाहिजे. शेवटी ते १८ एमबीत बसवलं त्यांनी, ऑडिओसकट.

दुसरी गोष्ट वेळेची. आम्ही म्हणत होतो संध्याकाळी सहाला नोटिफिकेशन पाठवा. तिने सांगितलं, स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग म्हणून आहेत, माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणारे, त्यांनी २००९ मध्ये मांडलं की माणूस एखादी गोष्ट करतो तेव्हा तीन गोष्टी एकाच वेळी हजर असतात, मनात इच्छा, करायला सोपं, आणि आठवण करून देणारं काहीतरी, आणि ते असंही सांगतात की ती आठवण घड्याळापेक्षा घरात आधीच रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधलेली असली तर जास्त टिकते. मग चौदा घरांत रोज न चुकता होणारी गोष्ट कोणती ते शोधलं. सहा घरी निघालं दिवा लावून शुभंकरोती म्हणणं. चार घरी शाळेच्या व्हॅनमधून उतरून दूध पिणं, तीन घरी रात्रीचं जेवण आटोपणं, आणि एका घरी असं ठरलेलं काहीच नव्हतं. आता ॲप पहिल्यांदा उघडलं की किती वाजता आठवण करू ते आधी विचारतच नाही, 'तुमच्या घरी रोज काय होतं' असं विचारतं आणि चित्रं दाखवतं, दिवा, दुधाचा पेला, ताट, आणि आजी त्यातलं एक निवडते, मग अंदाजे वेळ सांगते. दिवा निवडला असेल तर फोनवर येतं 'दिवा लागला?' एवढंच. बाकी कुठलंही ॲप आमच्या घरात येऊन असं बोललेलं मला आठवत नाही.

नोटिफिकेशनची परवानगी पहिल्या दिवशी मागत नाही हेही चांगलं केलंय. अँड्रॉइड १३ पासून ॲपला नोटिफिकेशन पाठवायला आधी विचारावंच लागतं, आणि उघडल्या उघडल्या विचारलं की आज्या सरळ नकोवर बोट ठेवतात, कारण त्यांना सगळ्यांनी बजावून ठेवलंय अनोळखी काही आलं तर नको म्हणायचं. तिसरा धडा झाल्यावर विचारतं, तोपर्यंत ओळख झालेली असते.

आता भांडणाचं. स्ट्रीकवरून आमचं खूप वाजलं. आम्हाला पाहिजे होती, कारण मुलांत चढाओढ लागते. डिझाइनर म्हणाली ठेवू पण मोडणारी नाही ठेवणार. तिच्या रिसर्चमध्ये एक मुलगी होती, दहा वर्षांची, दुसऱ्याच कुठल्या ॲपवर तिची ४१ दिवसांची स्ट्रीक गावाला गेल्यामुळे तुटली, रेंज नव्हती, तर ती रडली आणि त्या दिवसानंतर तिने ते ॲप उघडलंच नाही. एकेचाळीस दिवस रोज केलं होतं हो तिने! एक दिवस राहिला तर शून्य. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांच्या टीमने ९६ लोकांवर बारा आठवडे अभ्यास केला होता, एखादी नवीन गोष्ट अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, तर मधला आकडा आला ६६ दिवस, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा, आणि मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर विशेष काही फरक पडत नाही असंही त्यात दिसलं. म्हणजे चुकलेला दिवस सवय मोडत नाही, शून्य बघून मूलच मोडतं. हे ऐकल्यावर मी त्या दादांच्या विरोधात डिझाइनरच्या बाजूने गेले.

शेवटी जे झालं ते मला फार आवडलंय. ॲपमध्ये एक माळ आहे, शेवंतीच्या फुलांची, केलेल्या दिवशी एक फूल ओवलं जातं. नाही केलं तर पान ओवलं जातं, हिरवं. माळ तुटत नाही. पानं जास्त झाली की माळ हिरवी दिसते, मुलाला आपोआप कळतं, आणि आजी म्हणते अरे फुलं घाल की त्यात. सणासुदीला, परीक्षेत, गावाला गेलं तर पानं येणारच.

कॉइन्स आणि पॉइंट्सची यादी काढून टाकली. त्यालाही तिच्याकडे कारण होतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला होता, ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळेल. मिळालं त्यांना. पण नंतर मोकळ्या वेळात ह्याच मुलांनी बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढली. मला हे आतून पटलं कारण वर्गात मी चॉकलेट द्यायचे बक्षीस म्हणून, आणि ज्या रविवारी विसरले त्या रविवारी धड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आता चॉकलेट बंद केलंय, वाचून झालं की गोष्ट पुढे ऐकवते.

मग कागदावरचं टेस्टिंग. हा भाग बघायला मिळावा प्रत्येकाला. फोनएवढे कागद कापले, त्यावर पेनाने स्क्रीन काढले, मुलाला सांगितलं हा फोन समज, जिथे दाबायचं तिथे बोट ठेव. मुलाने बोट ठेवलं की ती पटकन पुढचा कागद ठेवायची. पाच मुलं घेतली, दुरुस्त केलं, परत वेगळी पाच, परत दुरुस्त, परत पाच. मी म्हटलं एकदाच पंधरा मुलं बसवा ना, एका रविवारी संपेल. तर ती म्हणाली, ॲप-वेबसाइट वापरायला सोपी आहे का ते तपासण्यातले तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी फार आधी हिशोब मांडून ठेवलाय की पाच माणसांत बहुतेक अडचणी दिसून जातात, सहावा-सातवा तीच अडचण पुन्हा सांगतो, तेव्हा पंधरा जण एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाच करून मधे सुधारणं बरं.

दुसऱ्या पाचात एक नऊ वर्षांचा मुलगा होता, वाचायला चांगला. समोरच्या कागदावर वाक्य होतं, 'त्याला शिक्षा झाली', आणि खाली तीन चित्रं, शाळा, कोपऱ्यात अंगठे धरून उभा मुलगा, झाड. त्याने वाक्य मोठ्याने व्यवस्थित वाचलं, एक चूक नाही, आणि क्षणाचाही विचार न करता शाळेवर बोट ठेवलं. बरोबरच आहे, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मी बोलायला गेले तर डिझाइनरने टेबलाखालून माझा हात दाबला, म्हणजे थांबा. तिने त्याला विचारलं तुला हे का वाटलं, सांग ना. तो म्हणाला, शिक्षा शाळेत मिळते. मग जरा थांबला, पुन्हा वाक्याकडे बघितलं, म्हणाला, पण आजी म्हणते ना, आता तुला शिक्षा करीन. आणि स्वतःच बोट सरकवून अंगठे धरलेल्या मुलावर नेलं. ह्या दीड मिनिटातून पूर्ण एक भाग तयार झाला ॲपचा, 'दिसतात सारखे'. खाली म्हणजे हिंदीत रिकामं, मराठीत तळाशी. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. सही म्हणजे तिकडे बरोबर आणि इकडे स्वाक्षरी, त्यामुळे 'इथे सही करा' वाचून मुलं म्हणायची काय चुकलंय ते दाखवा आधी. पुण्या-मुंबईत बसून केलेल्या ॲपमध्ये हा भाग आला नसता कारण तिथल्या मुलाला ही अडचण अशी येत नाही. आमच्या मुलांना हाच भाग सगळ्यात लाडका.

शब्दांची उजळणी कशी होते तेही सांगते कारण पालक विचारतात. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये एक खोक्याची पद्धत सांगितली होती, शब्दांच्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात, बरोबर आला की पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज बघायचा आणि पुढचे कप्पे अधिक अधिक दिवसांनी. मी पालकांना मसाल्याचा डबा दाखवून समजावते. मोहरी-हळद रोज लागते म्हणून हाताशी, जे क्वचित लागतं ते मागे, पण संपलंय का ते अधूनमधून उघडून बघावंच लागतं. ॲपमध्येही तसाच गोल डबा आणि वाट्या आहेत, ते चित्र त्यांनीच माझ्या ओट्यावरचा डबा बघून काढलं.

आजीच्या आवाजाचं फीचर. शब्द आजी स्वतःच्या आवाजात भरू शकते आणि मूल तो ऐकून वाचतं, हे पहिल्या पाच घरांतूनच सुचलेलं. त्यात 'ळ' आणि चमच्यातला च आणि चिमणीतला च हे दोन वेगळे कसे, हे पुस्तकात लिहून कळत नाही, आजी बोलली की कळतं. पहिल्या डिझाइनमध्ये बटण दाबून धरायचं आणि बोलायचं असं होतं, जसं व्हॉट्सॲपला असतं. नारायण बागेतल्या एका आजींकडे ट्रायल केली, त्या ८१ वर्षांच्या. अंगठा थरथरतो, सुटतो, रेकॉर्डिंग अर्धवट. पुन्हा दाबलं तर नखाने दाबलं गेलं, लागलंच नाही. 'उखळ' हा एकच शब्द त्यांनी पाच वेळा म्हटला आणि पाचही वेळा 'उख' वर तुटला. मग म्हणाल्या राहू दे गं, माझ्याच्याने होत नाही. मला फार वाईट वाटलं त्या वेळेला, कारण चूक त्यांची नव्हतीच. पुढच्या आठवड्यात ही मंडळी परत त्याच घरी गेली, आता एकदा टेकवायचं आणि बोलायचं, गप्प झालं की आपोआप थांबतं, आणि बटण चांगलं रुपयाच्या नाण्याएवढं. अँड्रॉइडच्या सूचनांत बटण निदान ९ मिलिमीटरच्या आसपास असावं असं आहे, ह्यांनी आजीसाठी त्याच्या अडीचपट केलं. आजींनी त्या दिवशी ३४ शब्द भरले. उखळ, मुसळ, परात, रोवळी, सगळं स्वयंपाकघर.

आता जे आवडलं नाही ते. तीन महिने सांगून पाच लागले. मधे त्यांचा एक माणूस लग्नासाठी तीन आठवडे गेला आणि आम्हाला कुणी कळवलंच नाही, मी फोन करून करून विचारलं तेव्हा कळलं. लहान टीम आहे मान्य, पण एक मेसेज टाकायला काय जातं.

रिसर्चचा रिपोर्ट ४६ पानांचा आणि पूर्ण इंग्लिशमध्ये. मराठीच्या ॲपचा रिपोर्ट, ज्या आज्यांकडून सगळं समजलं त्यांना तो वाचता येत नाही, हे मला अजिबात बरोबर वाटलं नाही. मी भांडून आठ पानांचा मराठी सारांश करून घेतला, तो चांगला झाला, प्रत्येक घरी एकेक प्रत दिली. तुम्ही काम दिलंत तर हे आधीच ठरवून घ्या.

देवनागरीचा घोळ तर मोठाच झाला. पहिलं चालणारं ॲप हातात आलं आणि बघते तर वरच्या मात्रा आणि रफार कापलेले. 'सर्वांनी' मधला रफार अर्धा गायब, 'मैत्री'च्या दोन मात्रा एक दिसतायत, खालचे उकार पुढच्या ओळीला चिकटलेले. कारण काय, तर ओळींची उंची इंग्लिश अक्षरांच्या मापाने ठेवली होती, आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार दोन्हीकडे जागा लागते. वाचायला शिकणाऱ्या मुलासमोर कापलेली मात्रा ठेवणं म्हणजे चुकीचं शिकवणंच झालं. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येत होते. नोटो नावाच्या एकाच फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असतात, मजकूर मराठी आहे असं कोडमध्ये सांगावं लागतं, तेवढं राहिलं होतं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला त्यात ही वळणं ठरवलेली आहेत, मी तो कागद छापून नेऊन दिला त्यांना. आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला ऱ्य काही ठिकाणी र्य होऊन बसला होता, तो मी एकेक शब्द तपासून काढला, चार रात्री गेल्या माझ्या. दुरुस्त सगळं केलं त्यांनी, एक पैसा जास्त न घेता, पण मराठीत डिझाइन करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांच्या माहितीबाबत मात्र ते आमच्यापेक्षा जागरूक निघाले. मी म्हणत होते मुलाचं नाव, शाळा, जन्मतारीख घेऊ, वर्गाची यादी आपोआप होईल. त्यांनी सांगितलं २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलाच्या वागण्याचा माग ठेवता येत नाही, तेव्हा जे लागत नाही ते घ्यायचंच नाही. आता मूल नाव घालत नाही, एक पक्षी निवडतं, मोर, पोपट, साळुंकी, आणि सगळी माहिती त्या फोनमध्येच राहते. आवाजाची रेकॉर्डिंगसुद्धा.

चालतंय का, तर दोन महिन्यांचं सांगते. ३१ मुलांनी सुरुवात केली. फोनमधून काही बाहेर येत नाही म्हणून रविवारी मी माळा बघूनच मोजते. १९ मुलांच्या माळेत आठवड्याला चार किंवा जास्त फुलं असतात. सात जण अधूनमधून, पाच जणांनी सोडलं. सोडलेल्या पाचांपैकी चार घरी आजी नाही. हे मला लागलंय मनाला, कारण आजीवर सगळं उभं केलं तर जिथे आजीच नाही त्या मुलाचं काय, आणि असंच एक घर रिसर्चच्या चौदात होतं, ठरलेलं काहीच नाही असं ज्याच्यापुढे लिहिलं होतं तेच. त्याच्याकडे तेव्हा आम्ही कुणीच थांबून बघितलं नाही. वर्गात मात्र फरक पडलाय, मागच्या रविवारी काय झालं ते पुन्हा सांगायला मला आता अर्धा तास घालवावा लागत नाही.

आणि बाबा ह्या सगळ्यात कुठेच नाहीत. भेटी ठेवल्या होत्या आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी-संध्याकाळी, तेव्हा बाबा घरी असणार कसे. मी हे बोलून दाखवलं, तर त्यांनीही मान्य केलं की हे आमच्याकडून राहिलं. दिवाळीनंतर दुसरा राउंड ठरतोय, आजी नसलेली आठ घरं, रविवारी सकाळी नऊला, पोहे-जिलबीच्या वेळेला, त्या वेळी इंदुरात कुठलाही बाप घरीच सापडतो. त्याचे २५ हजार सांगितलेत. ह्या वेळी पहिला चेक त्याच दादांनी लिहिलाय.